होल्गेटचे वैयाकरण : लिंडली मरे

आपण 'झाडाखाली' असे म्हणतो, तेव्हा 'खाली' हा शब्द झाडाच्या मागून येतो. इंग्रज मात्र 'अंडर द ट्री' असे म्हणतो. त्याच्या भाषेत 'खाली' आधी आणि झाड नंतर. ज्या शब्दाला आपण शब्दयोगी अव्यय म्हणतो, त्याला इंग्रजीत 'प्रेपोझिशन' म्हणजे 'आधी ठेवलेला शब्द' असे नाव आहे, ते याच कारणाने. हा शब्द आणि त्याच्या पाठोपाठ येणारे नाम मिळून जो शब्दसमूह होतो, तो वाक्यात नेमका ओळखता आला की लांबलचक इंग्रजी वाक्याचीही भीती उरत नाही. शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना आणि घरी एकट्याने शिकणाऱ्या प्रौढांना वाक्याची अशी उकल करण्याची सवय ज्या पुस्तकाने जगभर लावली, त्याचे कर्ते लिंडली मरे यांचे हे चरित्र.

लिंडली मरे यांचा जन्म इ. स. १७४५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात, लँकेस्टर गावाजवळच्या स्वतारा या ठिकाणी झाला. अमेरिका तेव्हा स्वतंत्र देश नव्हता. ती इंग्रजांची वसाहत होती. वडील रॉबर्ट मरे यांची पिठाची चक्की होती. बारा भावंडांत लिंडली हा सर्वांत थोरला. हे घराणे क्वेकर पंथाचे होते. या पंथात पुरोहित नसतो, पूजेचा थाट नसतो. मंडळी एकत्र जमतात आणि शांत बसतात. कोणाला आतून काही सांगावेसे वाटले तरच तो बोलतो. युद्धात भाग घ्यायचा नाही, शपथ घ्यायची नाही, साधे राहायचे आणि साधे बोलायचे, ही त्यांची शिकवण. शब्द तोलूनमापून वापरण्याचे वळण लिंडलीला घरातच लागले असेल, असे मानायला हरकत नाही.

१७५३ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. तिथे रॉबर्ट मरे यांचा व्यापार असा वाढला की शहरातील मोठ्या सावकारांत त्यांची गणना होऊ लागली. मॅनहटन बेटावर जिथे त्यांचे घर होते, तो भाग आजही मरे हिल या नावाने ओळखला जातो. बापाची इच्छा साहजिकच अशी की थोरल्या मुलाने पेढीवर बसावे. मुलाला मात्र जमाखर्चाच्या वह्यांत गोडी नव्हती. त्याला पुस्तके हवी होती. वडील शिस्तीचे कडक होते. एकदा त्यांनी एका क्षुल्लक कारणावरून त्याला शिक्षा केली, आणि ती अन्यायाची आहे असे वाटून मुलाने घर सोडले.

घर सोडून पळालेली मुले बंदरावर जातात, सैन्यात जातात, कुठेतरी मोलमजुरी करतात. हा मुलगा गेला तो शाळेत! न्यू जर्सीमधील बर्लिंग्टन या गावी एक निवासी शाळा होती. तिथे जाऊन त्याने आपले नाव स्वतःच दाखल केले आणि तो फ्रेंच शिकू लागला. पुढे काकांच्या मध्यस्थीने तो घरी परतला. बापलेकांचे मनोमीलन झाले आणि घरीच शिकवणी ठेवण्यात आली. शिक्षण सुटलेल्या किंवा सोडावे लागलेल्या कोणालाही या प्रसंगाचे मोल वेगळे सांगायला नको.

तरीही पेढीचा प्रश्न सुटला नव्हता. शेवटी लिंडलीने एक युक्ती केली. आपल्याला व्यापार का नको आणि कायद्याचा अभ्यास का हवा, याची कारणे त्याने एखाद्या खटल्याच्या कैफियतीप्रमाणे मुद्देसूद लिहून काढली. ती कैफियत घराण्याचे वकील बेंजामिन किसम यांनी वाचली. त्यांना ती इतकी पटली की त्यांनीच रॉबर्ट मरे यांची समजूत घातली. बाप नमला. पुढे याच किसम यांच्या कचेरीत लिंडली कायदा शिकला. त्याच्याच जोडीला तिथे जॉन जे नावाचा तरुण होता, जो पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला सरन्यायाधीश झाला. मरे यांना वकिलीची सनद मिळाली. १७६७ मध्ये हॅना डॉबसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला मूल झाले नाही. पण जवळजवळ एकोणसाठ वर्षे त्यांचा संसार टिकला, आणि त्यातली कितीतरी वर्षे हॅनाबाईंनी पतीची शुश्रूषा करण्यात घालवली.

१७७५ मध्ये अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. क्वेकर म्हणून मरे यांना कोणत्याच बाजूने शस्त्र धरता येत नव्हते. ते पत्नीसह लाँग आयलंडवरील आयस्लिप या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिले. युद्धामुळे मिठाची टंचाई झाली होती, म्हणून त्यांनी तिथे मिठागर काढण्याचा उद्योग आरंभला. पण न्यूयॉर्क इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि तो बेत फसला. त्याच सुमारास, १७७६ च्या सप्टेंबरात, मरे यांच्या मातोश्रींनी इंग्रज सेनापतीला आणि त्याच्या अधिकाऱ्यांना घरी थांबवून फराळपाणी केले, आणि तेवढ्या अवधीत अमेरिकी सैन्याची एक तुकडी निसटून गेली, अशी दंतकथा न्यूयॉर्कमध्ये अजून सांगतात. तीत तथ्य किती, हा वादाचा विषय आहे.

काही वर्षांनी मरे न्यूयॉर्कला परतले. वकिली बंद पडली होती. ज्या व्यापाराला त्यांनी लहानपणी नाके मुरडली, तोच त्यांनी आता हाती घेतला आणि इंग्रजांच्या अमलाखालील शहरात भरपूर पैसा मिळवला. १७८३ मध्ये युद्ध संपले, तेव्हा ते अवघे अडतीस वर्षांचे होते आणि आयुष्यभर पुरेल एवढी संपत्ती त्यांच्यापाशी होती. शहरापासून काही मैलांवर, नदीकाठी, बेलव्ह्यू नावाची वाडी घेऊन त्यांनी निवांत राहण्याचे ठरवले. या वाडीचे नाव पुढे न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध बेलव्ह्यू रुग्णालयाला मिळाले.

निवांतपणा मात्र त्यांच्या नशिबी नव्हता. बेलव्ह्यूला आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना ताप आला आणि त्यानंतर हातापायांची शक्ती कमी होत गेली. थोडे चालले तरी स्नायू गळून जात. हवापालट झाला, झऱ्यांचे औषधी पाणी झाले. गुण आला नाही. इंग्लंडमधील यॉर्कशरची थंड हवा मानवेल, असा सल्ला वैद्यांनी दिला. १७८४ च्या अखेरीस पतिपत्नींनी अमेरिका सोडली. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेत इंग्रजांशी व्यापार करून श्रीमंत झालेल्या घराण्याविषयी रोष होता आणि त्यामुळेही हे देशांतर घडले, असे काही अभ्यासकांचे मत आहे. दोन्ही कारणे खरी असू शकतील. दोन-चार वर्षांत बरे होऊन परत येऊ, या आशेने ते निघाले होते. ते पुन्हा कधीच मायदेशी गेले नाहीत.

१७८५ मध्ये त्यांनी यॉर्क शहराबाहेर होल्गेट या खेड्यात घर घेतले. घराभोवती बाग होती. मरे यांनी तिच्यात दुर्मीळ झाडे लावली. सुरुवातीला ते बागेत थोडे फिरत, बग्गीतून रपेट करत. पण दुखणे हळूहळू पुढे सरकत होते. आधी चालणे गेले, मग उभे राहणे कठीण झाले. आवाजही क्षीण झाला. आयुष्याची शेवटची सुमारे सोळा वर्षे त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला नाही. दिवसभर ते बैठकीच्या खोलीत एका कोचावर बसून असत आणि खिडकीतून बाग पाहत. वयाच्या चाळिशीत कर्त्या माणसाला असे बसावे लागले, तर तो काय करील? मरे यांनी लिहायला घेतले. पहिले पुस्तक धर्मपर होते. १७८७ मध्ये ते निघाले आणि मरे यांनी ते आसपासच्या घरी फुकट वाटले.

याच काळात यॉर्कमध्ये क्वेकर मुलींसाठी एक शाळा निघाली होती. ट्यूक नावाच्या घराण्यातील एस्थर ट्यूक या बाईंच्या पुढाकाराने ती १७८५ मध्ये सुरू झाली. शिकवणाऱ्या तरुण मुलींना स्वतःलाच व्याकरण पुरते येत नसे. त्या होल्गेटला येत आणि मरे त्यांना समजावून सांगत. तेव्हा प्रचारात असलेली व्याकरणाची पुस्तके विद्वानांसाठी लिहिलेली होती. लॅटिन येणाऱ्याला ती कळत, नवशिक्याला नव्हे. म्हणून या शिक्षिकांनी मरे यांना विनंती केली, की आमच्या मुलींसाठी एखादे सोपे पुस्तक आपणच लिहावे. मरे यांनी आधी आढेवेढे घेतले आणि मग काम अंगावर घेतले. १७९५ च्या वसंतात 'इंग्लिश ग्रामर' हे पुस्तक यॉर्कमध्ये छापून निघाले. ते एका शाळेपुरते होते. कर्ते पन्नाशीत पोचले होते.

त्या पुस्तकात काय होते, हे आता जरा सविस्तर पाहू; कारण मरे यांचे खरे कर्तृत्व तिथे आहे.

मरे यांनी इंग्रजी शब्दांचे नऊ वर्ग सांगितले. त्यांत प्रेपोझिशन हा एक. शब्दांचा परस्परांशी संबंध जोडणे हे त्याचे काम. पण मरे केवळ व्याख्या देऊन थांबत नाहीत. पाठ करायचे नियम त्यांनी मोठ्या टायपात छापले आणि त्यांचे स्पष्टीकरण बारीक टायपात. मुलाने आधी मोठी अक्षरे वाचावीत. समज वाढेल तसे बारीक अक्षरांकडे वळावे. आज ही गोष्ट आपल्याला किरकोळ वाटेल. परंतु शिकणाऱ्याच्या डोळ्यांचा आणि दमाचा विचार करून पान मांडणारे लेखक त्या काळी थोडे होते, आणि खरे सांगायचे तर आजही फार नाहीत.

दुसरी गोष्ट 'पार्सिंग'ची. आपल्याकडील जुने शिक्षक जिला 'व्याकरण चालवणे' म्हणत, तीच ही रीत. वाक्य घ्यायचे आणि त्यातील प्रत्येक शब्दाला तू कोण, तुझे काम काय, तुझा संबंध कोणाशी, असे विचारत जायचे. समजा, 'द बॉय विथ द अम्ब्रेला स्टुड अंडर द ट्री' असे वाक्य आहे. अर्थ असा, की छत्री घेतलेला मुलगा झाडाखाली उभा राहिला. यात 'विथ' आणि 'अंडर' ही दोन प्रेपोझिशने. 'विथ' कोणाला जोडून आहे? 'अम्ब्रेला'ला. 'अंडर' कोणाला? 'ट्री'ला. तेव्हा 'विथ द अम्ब्रेला' हा एक शब्दसमूह झाला आणि 'अंडर द ट्री' हा दुसरा. असा समूह प्रेपोझिशनने सुरू होतो आणि ज्या नामाला किंवा सर्वनामाला ते जोडलेले असते, त्यापाशी संपतो. मध्ये 'द' यावे, एखादे विशेषण यावे. 'अंडर द ओल्ड मँगो ट्री' म्हटले तरी समूह एकच. वाक्याचे मुख्य क्रियापद मात्र त्याच्या आत कधी सापडत नाही. आता दोन्ही समूह झाकून वाक्य वाचा. 'द बॉय स्टुड' एवढेच उरते. हा वाक्याचा कणा. पहिला समूह मुलगा कोणता ते सांगतो, म्हणून तो विशेषणाचे काम करतो. दुसरा कोठे उभा राहिला ते सांगतो, म्हणून त्याचे काम क्रियाविशेषणाचे. अशा समूहांना वेगळे नाव देऊन त्यांची कामे वाटून देण्याची पद्धत मरे यांच्या नंतर, एकोणिसाव्या शतकातील शालेय पुस्तकांत रूढ झाली. पण शब्दाशब्दाला प्रश्न विचारण्याची जी सवय तिच्या मुळाशी आहे, ती मरे यांच्या पुस्तकाने घराघरात नेली.

मराठी मातृभाषा असलेला विद्यार्थी इथे एका ठिकाणी हमखास अडखळतो. 'टू' हा शब्द दिसला की तो समूह शोधायला लागतो. 'टू स्कूल' म्हणजे शाळेला. इथे 'टू'च्या मागे नाम आहे, तेव्हा तो समूह खरा. 'टू गो' म्हणजे जाणे किंवा जायला. इथे मागे क्रियापद आहे, तेव्हा हा तसा समूह नव्हे. 'टू' नंतर काय आले ते पाहावे, म्हणजे घोटाळा होत नाही.

मरे यांच्या वाक्यरचनेच्या नियमांत सतरावा नियम प्रेपोझिशनचा आहे. त्याचा आशय असा, की प्रेपोझिशनच्या पुढे येणारा शब्द कर्मरूपात असतो. इंग्रजी नामाच्या रूपात यामुळे काही फरक दिसत नाही. सर्वनामाच्या रूपात दिसतो. 'ही' म्हणजे तो. पण 'त्याच्याबरोबर' म्हणायचे असेल तर 'विथ ही' नव्हे, 'विथ हिम' म्हणावे लागते. आपल्याला हे खरे तर परके वाटू नये. मराठीत तर नामालाही रूप बदलावे लागते. 'झाड' आणि 'खाली' मिळून 'झाडखाली' होत नाही, 'झाडाखाली' होते. 'मी' आणि 'जवळ' मिळून 'माझ्याजवळ'. आपण ज्याला सामान्यरूप म्हणतो, त्याचाच हा इंग्रजीतील धाकटा भाऊ.

तिसरी गोष्ट चुकांची. १७९७ मध्ये मरे यांनी 'इंग्लिश एक्झरसाइझेस' हे सरावाचे पुस्तक काढले. त्यात वाक्ये मुद्दाम चुकीची छापली होती. विद्यार्थ्याने चूक हुडकायची, नियम सांगायचा आणि वाक्य दुरुस्त करायचे. उत्तरांची वेगळी पुस्तिकाही त्यांनी दिली, म्हणजे ज्याला शिक्षक नाही त्यालाही आपले काम तपासून घेता यावे. घरी बसून शिकणाऱ्यांची एवढी काळजी त्यापूर्वी क्वचितच कोणी घेतली असेल. सर्वांत फसवी चूक असे ती कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळाची. 'द बास्केट ऑफ मँगोज इज हेवी' या वाक्यात 'मँगोज' हे अनेकवचन क्रियापदाला खेटून आहे, म्हणून 'आर' लिहिण्याचा मोह होतो. पण 'ऑफ मँगोज' हा समूह बाजूला काढला की कर्ता उरतो 'बास्केट'. टोपली एकच आहे, म्हणून 'इज'. परीक्षेत ज्या चुकांनी गुण जातात, त्यांतलीच ही एक. समूह ओळखता येण्याचा रोकडा फायदा कोठे असेल, तर तो इथे.

शब्दसमूह जागच्या जागी नसला तर काय होते, हेही मरे यांनी सांगितले. ज्या शब्दांचा अर्थाने निकट संबंध, ते वाक्यातही निकट असावेत, हा त्यांचा आग्रह. 'शी सोल्ड द बास्केट टू अ वुमन विथ अ ब्रोकन हँडल' या वाक्यात मोडका दांडा टोपलीचा असताना तो गिऱ्हाईक बाईला चिकटतो! प्रेपोझिशन वाक्याच्या शेवटी ठेवावे की नाही, या जुन्या वादात त्यांनी बिशप रॉबर्ट लाउथ यांचे मत स्वीकारले. बोलताना शेवटी ठेवले तर चालते, गंभीर लेखनात ते आधी ठेवलेले बरे, असे ते मत. पुढच्या शिक्षकांनी याची कडक बंदी करून टाकली. मूळ मत तितके कडक नव्हते.

या साऱ्यात मरे यांचे स्वतःचे किती, असा आक्षेप त्यांच्या हयातीतच निघाला. लाउथ, प्रीस्टली, ब्लेअर अशा लेखकांचे त्यांनी खूप घेतले होते आणि पहिल्या आवृत्तीत ठिकठिकाणी नावे दिली नव्हती. नंतरच्या आवृत्तीत त्यांनी ती नावे नोंदवली. आपण संग्राहक आहोत, नवे शोध लावणारे नाही, अशी त्यांची भूमिका होती. अमेरिकेचे कोशकार नोआ वेब्स्टर यांनीही त्यांच्यावर उचलेगिरीचा आरोप केला. पुढे १८६० च्या दशकाच्या अखेरीस तर खुद्द मरे यांच्या इंग्रजीतील चुका दाखवणारे पुस्तकच लंडनला निघाले. टीका निराधार नव्हती. परंतु विद्वानांच्या कपाटातले ज्ञान शाळेच्या बाकापर्यंत आणणे, हेही एक काम आहे, आणि ते मरे यांनी कसोशीने केले.

पुस्तकाचा खप कल्पनेपलीकडे झाला. १७९७ मध्ये संक्षिप्त आवृत्ती आली आणि तिच्या शंभराहून अधिक आवृत्त्या निघाल्या. १७९९ मध्ये 'इंग्लिश रीडर' हे वाचनाचे पुस्तक आले. ते अमेरिकेत इतके पसरले की अब्राहम लिंकन यांच्यासारख्या, शाळेत फार थोडे दिवस गेलेल्या मुलाच्याही हाती पडले. लिंकन त्याची थोरवी मानत, असे त्यांच्या वकिलीतील भागीदाराने नोंदवले आहे. मरे यांची सर्व पुस्तके मिळून दीड कोटीच्या आसपास प्रती खपल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या काळच्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा थक्क करणारा आहे. अंधांसाठी उठावाच्या अक्षरांतही त्यांचे संक्षिप्त व्याकरण छापले गेले. इंग्रजी राज्याबरोबर ते हिंदुस्थानातील शाळांतही आले. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिले, ते इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर. शब्दांच्या जातींची जी मांडणी आपण मराठीच्या तासाला शिकतो, तिचे एक मूळ असे त्या इंग्रजी परंपरेत आहे.

पुस्तकांचा पैसा मरे यांनी स्वतःसाठी ठेवला नाही. न्यूयॉर्कमध्ये मिळवलेल्या संपत्तीवर त्यांचा साधा संसार चालत होता. प्रकाशकांकडून आलेली रक्कम ते दानधर्मात खर्च करत. १७९६ मध्ये विल्यम ट्यूक यांनी यॉर्कमध्ये मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाची संस्था उघडली. वेड्यांना साखळदंडाने बांधून मारण्याच्या त्या काळात तिथे रुग्णांना माणसासारखे वागवले जाई. या कार्याला मरे यांचा पाठिंबा होता. मृत्युपत्रातही त्यांनी अमेरिकेत एक निधी ठेवण्याची तजवीज केली होती. गुलामीतील कृष्णवर्णीयांची मुक्तता, मुक्त झालेल्यांना साह्य, त्यांच्या मुलांचे शिक्षण आणि तेथील मूळ रहिवाशांचे हित, अशा कामांसाठी तो होता. ज्या देशात पुन्हा पाऊल ठेवता आले नाही, त्याची आठवण त्यांनी अशी ठेवली.

म्हातारपणी पाहुणे पुष्कळ येत. इतक्या मोठ्या वैयाकरणासमोर आपले बोलणे चुकेल, या धास्तीने कोणी कोणी गप्प राहत असतील, तर नवल नाही. समोर मात्र मंद आवाजात बोलणारे, नीटनेटक्या साध्या पोशाखातले वृद्ध गृहस्थ कोचावर बसलेले असत. त्यांच्या आठवणी एलिझाबेथ फ्रँक या स्नेही बाईंच्या आग्रहावरून त्यांनी पत्ररूपाने लिहिल्या होत्या. त्या त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मरे यांनी १६ जानेवारी १८२६ रोजी होल्गेटच्या त्याच घरात देह ठेवला. त्या वेळी ते ऐंशी वर्षांचे होते. यॉर्कमध्ये क्वेकरांच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. हॅनाबाई त्यांच्यामागे आठ वर्षे राहिल्या.

मरे गेल्यावरही त्यांचे नाव कितीतरी वर्षे 'व्याकरण' या शब्दाऐवजी वापरले जाई. मुलाच्या हाती 'मरे' दिले, म्हणजे व्याकरण दिले. जॉर्ज इलियट यांच्या 'मिडलमार्च' या कादंबरीत मुलांना शिकवणारी एक कर्तबगार आई या पुस्तकावर अपार निष्ठा ठेवते. चार्ल्स डिकन्स यांनी तर थट्टाच केली. 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' या कादंबरीत मेणाचे पुतळे दाखवत गावोगाव हिंडणारी एक बाई आहे. मुलींच्या शाळांकडून गिऱ्हाईक मिळावे म्हणून ती एका प्रसिद्ध विदूषकाच्या पुतळ्याचे तोंड आणि कपडे बदलून त्याला व्याकरण लिहीत बसलेले लिंडली मरे बनवते.

होल्गेटच्या बागेत मरे यांचे एक छोटे लाकडी उन्हाळी घर होते. ते पुढे तिथून हलवून यॉर्कमधील द माउंट स्कूल या क्वेकर मुलींच्या शाळेच्या आवारात नेण्यात आले.